पाय भिजतो तो वरून

नोव्हेंबर लागल्यापासून सायकलच्या या सदराकडे आलेल्या पत्रांत चेन उतरल्याची तक्रार नाही, ब्रेकची करकर नाही. सगळी पत्रं पावलांची. नव्या वाचकांसाठी एवढं सांगते : मी मूळची साताऱ्याची, गेली १४ वर्षं नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला राहते आणि सायकलवरून टपाल वाटते. पुढे एक पिशवी, मागे दोन. पाच-दहा घरं झाली की उतरायचं, स्टँड लावायचा, दारांच्या फटींतून पत्रं सारायची, पुन्हा चढायचं. असे चार तास. सोमवारी या देशात पत्रं वाटत नाहीत, म्हणून ही उत्तरं मी सोमवारी लिहिते, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन.

ताई, मी सप्टेंबरात पुण्याहून डेल्फ्टला शिकायला आलो. खोलीपासून विद्यापीठ ७ किलोमीटर, रोज सायकलने. पाऊस असला की पोचल्यावर मोजे अक्षरशः पिळावे लागतात. शेवटी १५० युरो घालून घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट घेतले. तरी पाय ओलेच, आणि आता बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. परत करू का? — एक विद्यार्थी, डेल्फ्ट

परत करू नकोस. पावसात वापरलेले बूट कोणी घेणारही नाही, आणि बुटात दोषही नाही. तू पाण्याचं दार न शोधता भिंत बांधलीस, एवढंच.

चालताना पाऊस खांद्यावरून रेनकोटच्या काठाशी येतो आणि तिथून जमिनीवर पडतो. सायकलवर बसलास की मांडी आडवी होते. पॅडल मारताना गुडघा वर आला की मांडीची पन्हळ होते. सगळं पाणी मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून नडगीवर आणि नडगीवरून थेट बुटाच्या तोंडात. त्यात तू जीन्स घालत असणार. जाड सुती कापड म्हणजे समईची वात; वरचं पाणी शोषून खाली मोज्यापर्यंत पोचवते. आणि वॉटरप्रूफ बुटाचं असं आहे की त्यात बाहेरचं पाणी येत नाही, तसं आत आलेलं बाहेरही जात नाही. तू १५० युरोंच्या दोन बादल्या घेतल्यास.

हसत नाहीये रे, मीही हेच केलं. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं, साताऱ्याचा पाऊस पाहिलेल्या बाईला डच पावसाचं काय! गुडघ्यापर्यंतचे हिरवे गमबूट आणले, पँट त्यात नीट खोचली आणि निघाले. तिसऱ्या गल्लीत पावलागणिक पचक पचक आवाज यायला लागला. एका घरासमोर हायड्रेंजियाचं झुडूप होतं. इकडेतिकडे बघितलं, एका पायावर उभी राहिले, गमबूट काढून झुडपात उपडा केला. पेलाभर पाणी सहज निघालं असेल. तेवढ्यात दार उघडलं. ऐंशीच्या पुढची आजी. तिने गमबूट बघितला, झुडूप बघितलं, मला बघितलं, आणि काही न बोलता आत गेली. म्हटलं झालं, आता तक्रार जाणार. ती परत आली ती हातात पावाच्या दोन रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक जुना टॉवेल घेऊन. तिथेच पायरीवर बसवलं, पाय पुसायला लावले. मोज्यावर पिशवी चढवली, त्यावर बूट, आणि माझी पँट ओढून बुटाच्या बाहेर काढली. म्हणाली, "पिशवी आत, पँट बाहेर." माझं डच तेव्हा यथातथाच होतं, पण एवढं समजलं.

तेच आता तुला सांगते. रेनपँट घे. फार चांगली नको, पण खालच्या टोकाला चेन किंवा पट्टी असलेली बघ, म्हणजे ती बुटाच्या तोंडावरून खाली घेऊन घट्ट करता येते. कौलावर कौल असतं तसं : वरचं नेहमी खालच्याच्या बाहेर. मग तुझे तेच बूट एकदम शहाण्यासारखे वागायला लागतील. रेनपँटच्या आत जीन्स नको. तो मांडीला चिकटलेला ओला गारठा कशाला? साधी पातळ ट्रॅकपँट घाल आणि जीन्स पाठीवरच्या पिशवीत टाक.

पाण्याचं दुसरं दार खाली आहे, आणि ते पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पाऊस थांबल्यावर रस्ता ओला असताना कोरडे बूट घालून दहा मिनिटं सायकल चालवून ये आणि बूट काढून नीट बघ. चवड्यावर आणि आतल्या बाजूला ओल असेल तर ती पुढच्या चाकाची. पावसातून आल्यावरही असंच बघ : मोज्याची वरची कड ओली असेल तर ती पँटची. नाड्यांपाशी भिजलं असेल तरच ते सरळ आकाशातून आलंय. विद्यार्थी जुन्या बाजारातून ज्या स्पोर्टी सायकली घेतात, त्यांचं पुढचं मडगार्ड वीतभर असतं, नाहीतर नसतंच. चाक रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि थेट पावलावर मारतं. आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या सायकली आठव : मडगार्डच्या टोकाला रबराचा फडका लोंबत असायचा. आम्हाला वाटायचं तो कंपनीचं नाव छापायला असतो! पूर्ण मडगार्ड बसव आणि त्याच्या टोकाला असा फडका जोड. दुकानात नाही मिळाला तर दुधाच्या प्लॅस्टिक कॅनचा तळहाताएवढा तुकडा काप, दोन भोकं पाड, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळ. जमिनीपासून चार बोटं वर राहील असा. माझ्या सायकलला तो आठ वर्षं आहे, सायकल मात्र दोनदा बदलली.

पिशवीचं एक लक्षात ठेव. तिच्यातून पाणी आत येत नाही तसा घामही बाहेर जात नाही. अर्ध्या तासाच्या वाटेला काही फरक पडत नाही. मी चार तास बाहेर असते म्हणून दोन जादा मोजे बाळगते आणि मधे बदलते. तूही एक जोड वर्गात नेऊन ठेव. आणि निघण्याआधी बाउएनराडार हे पावसाचं अ‍ॅप बघत जा, पुढच्या दोन तासांचा पाऊस दिसतो. इथली सर पुष्कळदा वीस मिनिटांची असते. चहा पिऊन निघालास तर सात किलोमीटर कोरडे.

मी शनिवारी सकाळी एका गटाबरोबर रोड बाइक चालवते. क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारे बूट आहेत. पाऊस नसला तरी तासाभरात पायाची बोटं बधिर होतात, उतरल्यावर चालता येत नाही. लोकरीचे दोन-दोन मोजे घालून पाहिले, उलट जास्तच होतं. पाय चालत असताना गार कसे पडतात? — एक वाचक, द हेग

पाय चालत असतात खरे, पण पाऊल चालत नाही. चालताना पाऊल दुमडतं, चवड्यावर भार येतो, बोटं जमिनीला धरतात. सायकलवर राबतात मांड्या आणि पोटऱ्या. पाऊल कडक तळव्याच्या बुटात पाटावर बसल्यासारखं बसून असतं. शिवाय अंगाला थंडी वाजली की शरीर आधी काळीज-फुफ्फुसं सांभाळतं आणि हातापायांच्या टोकांकडचं रक्त आवरतं घेतं. टोकाला कोण, तर बोटं.

त्यात वारा. तुमचा गट ताशी २५ किलोमीटरने तरी जात असणार. हवा शून्य अंशावर असेल तर त्या वेगाला उघड्या कातडीला ती उणे ६ सारखी झोंबते. असले आकडे काढणारं डच हवामान खातं आमच्या शेजारच्या दे बिल्टला आहे, १८५४ पासूनचं जुनं खातं, पण आकड्यांपेक्षा तुमचे बूट बघा. उन्हाळ्यासाठी केलेल्या त्या बुटांना जाळी असते, तळव्यालाही हवा खेळायला भोकं असतात, आणि बरोबर चवड्याखाली धातूचं क्लीट. पुढून वारा आणि खालून धातू.

आणि दोन मोजे. इथेच तुमची चूक होतेय. बूट तुमच्या एका पातळ मोज्याच्या मापाचा. त्यात दोन जाड मोजे कोंबले की बोटं आवळली जातात, होतं तेवढं रक्तही पोचत नाही. गरम ठेवतो तो मोज्यातला कोंडलेला वारा, लोकर नव्हे. आणि तो वाराच तुम्ही चेंगरून घालवलात. एकच लोकरीचा मोजा घाला. बूट घातल्यावर बोटं आत पियानो वाजवल्यासारखी हलली पाहिजेत. नाही हलली तर नाड्या किंवा पट्टे सैल करा. हिवाळ्यासाठी एक माप मोठे बूट घ्यायची ऐपत असेल तर उत्तमच. तळव्याची भोकं आतून चिकटपट्टीने बुजवा, वर फेल्टचा किंवा लोकरीचा तळवा घाला, पण त्यासाठी आत जागा आहे ना हे बघून. बाहेरून निओप्रिनचं, म्हणजे रबरी कापडाचं शू-कव्हर. फक्त चवड्यावर बसणारी छोटी टोपीही मिळते. कोरड्या थंडीला मला तीच आवडते, चढवायला-काढायला झटापट नाही.

आणखी एक, ऐकायला विचित्र वाटेल : पायांसाठी कानटोपी घाला. गळा, पोट, गुडघे उबेत असतील तर शरीर पायांचं रक्त कापत नाही. मी मुलींना बघते, वर महागडं जाकीट आणि खाली घोटे उघडे. घोट्यावरून रक्तवाहिन्या अगदी कातडीलगत जातात, तिथेच सगळी ऊब वाया.

बधिरपणा सुरू झाला की उतरा आणि शंभर-दोनशे पावलं चाला, लाज वाटून घेऊ नका. घरी आल्यावर मात्र कढत पाण्यात किंवा हीटरवर पाय ठेवू नका. गार पडलेल्या बोटांना एकदम ऊब दिली की ती लाल, सुजरी होतात आणि रात्रभर खाजतात. मला पहिली दोन वर्षं दर जानेवारीत व्हायचं, मला वाटायचं किडा चावला. आधी कोरडे मोजे, मग घरातली ऊब, बस. आणि बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल असे रंग बदलत असतील, तेही थोड्याशा थंडीत, तर बूट बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

वय ५८, दहा वर्षांपासून मधुमेह. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून पहाटे साडेपाचला सायकल काढतो. डिसेंबरात आमच्याकडे पारा ६-७ अंशांवर येतो. पायात सँडल असते. घरी आल्यावर पाय बर्फ झालेले असतात, मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. हे बरोबर आहे ना? — एक द्राक्ष बागायतदार, निफाड

काका, सायकल बरोबर, बाकी तिन्ही चूक. रागावू नका.

सगळ्यात आधी ती पिशवी बंद करा. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होते आणि ते कळतही नाही. पिशवी किती कढत आहे हे पायाला समजत नाही, फोड येतो, तो दिसत नाही, आणि मग वाढतं ते प्रकरण. शेकोटीलाही पाय लावून बसू नका. थंडीच्या लाटेत तुम्ही द्राक्षांसाठी बागेत शेकोट्या करता ते ठीक, पण घडाला आणि पायाला एकच औषध नको. सुके लोकरीचे मोजे चढवा आणि पांघरूण घ्या, वेळ लागू दे.

सँडल नको. बंद, पण सैल बूट हवेत, आत टोचणारी शिवण नसलेले. घालण्याआधी रोज बुटात हात घालून बघा. खडा असेल तर तुमच्या पायाला सांगता येणार नाही, हाताला येईल. परत आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट पुसा आणि उजेडात बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात बघा, नाहीतर काकूंना सांगा. लालसर डाग, चीर, फोड, काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घेता ना? नसाल तर या आठवड्यात.

आणि साडेपाच कशासाठी? सूर्य वर येऊ दे, आठला निघा. गावात कोणी आळशी म्हणणार नाही. म्हटलं तर म्हणू दे.

माझी दोन वर्षांची लेक सायकलच्या पुढच्या सीटवर बसते. पाळणाघर १५ मिनिटांवर. तिथे पोचेपर्यंत तिचे पाय थंडगार. नागपूरहून आलेल्या सासूबाई म्हणतात, पोराचे हाल करता, ट्रामने न्या. — एक आई, रॉटरडॅम

तुमच्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही पॅडल मारून गरम होता, लेक हलत नाही आणि तुमच्या पुढे बसून वारा खाते. म्हणजे तुमच्या अंदाजाने तिला कपडे घालून चालणार नाही. तुम्हाला एक थर पुरत असेल तर तिला दोन. सीटच्या पुढे लावायची काच मिळते, ती लावाच. बूट घरी ठेवा. तिला कुठे चालायचंय? दोन सैल लोकरीचे मोजे आणि त्यावर पायांची अस्तराची पिशवी, बाबागाडीत घालतात ती. बूट पाळणाघरात चढवा. पोचल्यावर तिच्या मानेत हात घालून बघा : मान गरम असेल तर पोर ठीक आहे, मानही गार असेल तर कपडे कमी पडले.

इथली माणसं म्हणतात, तू काही साखरेची नाहीस, पावसात विरघळायला. सासूबाईंना सांगा, आमच्याकडे हेच ढेकळाबद्दल म्हणतात. पण बोचरा वारा असेल त्या दिवशी ट्रामने न्यायला काय हरकत आहे?

ओले बूट एका रात्रीत कसे वाळवायचे? आमच्या खोलीत हीटरवर ठेवले तर वास येतो आणि तळवा सुटला. — तिघे भाडेकरू, आइंडहोवन

सुटणारच, डिंक उष्णतेने मऊ पडतो. आतला तळवा काढून वेगळा ठेवा, नाड्या सैल करून जीभ बाहेर ओढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने ते ओलेगच्च झालेले असतील, तेव्हा बदला. बहुतेक जण हेच विसरतात आणि सकाळी म्हणतात पेपरने काही होत नाही. झोपताना तिसरा हप्ता. बूट हीटरपासून हातभर लांब, आडवे. टेबलफॅन असेल तर त्याच्यापुढे. वारा उष्णतेपेक्षा बरा. वासाचं म्हणाल तर एक बूट रोज वापरू नका, दोन जोड आलटून पालटून. तिघांत मिळून किती जोड आहेत ते विचारत नाही.

आई सांगलीहून विचारतेय, तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणून पाठवू का? मागच्या वर्षी पाठवले ते इतके जाड की बुटात पाय जाईना, आणि ओले झाले की सुती मोज्यांसारखेच गार. तिला नाही म्हणवत नाही. माझं माप ४२. — एक मुलगा, आम्सटरडॅम

नाही म्हणूच नका, फक्त नीट सांगा. पावसाळी थंडीला लोकरीसारखं दुसरं काही नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही. सुती मोजा भिजला की पायाला चिकटतो, आणि पाणी ऊब पळवतं हवेच्या पंचवीसेक पट वेगाने.

तुमचे मोजे गार पडले याचं कारण मला वाटतं वेगळंच आहे. आपल्याकडे दुकानात "लोकर" म्हणून जे गुंडे मिळतात ते बरेचदा अ‍ॅक्रिलिकचे असतात. रंग सुरेख, हाताला मऊ, पण मेंढीचा त्यात संबंध नाही. आईंना लेबल वाचायला सांगा, नाहीतर तुम्हीच इथून मोज्यांची बारीक लोकर पाठवा, त्यात थोडं नायलॉन असलेली, म्हणजे टाच लवकर फाटत नाही. सुया १२ नंबरच्या. ६४ टाके पुरतील, पोटरी भरलेली असेल तर ७२. पावलाची लांबी तुमच्या पायापेक्षा बोटभर कमी, मोजा ताणून बसतो. चवड्याला शिवण घालायची नाही, टाके टाक्यांत गुंफून बंद करायचे. सायकलवर ती शिवणच अंगठ्याला काचते. चाळीस वर्षं विणणाऱ्या बाईला हे मी काय सांगणार, पण तुम्ही सायकलवर असता हे त्यांना कोणी सांगितलं नसेल.

घरात जुने गुंडे असतील आणि लेबल हरवलं असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून काडी लावून बघायला सांगा, खाली पाण्याची वाटी ठेवून. जळक्या केसांचा वास आला आणि बोटाने चुरगळणारी राख राहिली तर लोकर, खुशाल विणायला घ्या. धागा वितळून टोकाला टणक काळी गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. त्याची कानटोपी विणा म्हणावं, मलाही एक चालेल.